गेमवाला बुढा

गेल्या आठवड्यात सिंदी रेल्वे गावचं एक गिऱ्हाईक दुकानात आलं. कीबोर्ड पसंत केला, पिशवी मागितली आणि हसत हसत म्हणालं, "शेठ, तुमचा तो गेमवाला बुढा गेला ना."

बिल लिहिता लिहिता माझा हात थांबला.

"त्यांचं नाव वामनराव उमाटे," मी म्हणालो.

"हो, तोच. पासष्टीत पोट्ट्यांसारखं गेमचं मशीन बसवत फिरे. बह्याड होता पार, येडा."

त्यावर मी त्या माणसाला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. कीबोर्ड तो तिथेच टाकून गेला. वीस वर्षं मी वर्ध्यात बसस्टँडजवळच्या गल्लीत कॉम्प्युटरचे पार्ट विकतो आहे. माल पसंत केलेल्या गिऱ्हाइकाला दुकानातून हाकलण्याची ही माझी पहिलीच वेळ. राग त्याचा होता, आणि माझा स्वतःचाही होता, कारण कधीकाळी मीसुद्धा असाच त्यांच्यावर हसलो होतो.

वामनराव पहिल्यांदा आले ते भर उन्हाळ्यात, दुपारी. उंच, वाळलेला देह, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला पांढरा सदरा, डाव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं पडलेलं. खांद्याला जाड कापडाची पिशवी. पिशवीत मोजपट्टी, भिंग, जाडी मोजायचा व्हर्नियर आणि एक दोनशे पानी वही. चाळीस वर्षं ते सिंदीच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या गिरणीत, फिटर होते.

"गेमचं कॉम्प्युटर बसवायचं आहे," ते म्हणाले. "पन्नास हजाराच्या वर जायचं नाई. एकेक पार्ट दाखवा."

"कोणासाठी काका? नातवासाठी?"

"माह्यासाठी."

दुकानात कॉलेजची दोन मुलं उभी होती. ती फिसकन हसली. मीही हसलो. वामनराव त्यांच्याकडे वळले. "आपण कायले हसून राह्यले साहेब? मी आपल्या घरी बसून खेळणार आहो का?"

त्यांचा राग असा होता. आवाज चढत नसे, भाषा बदलत असे. खुशीत असले की "अबे" आणि "तू", आणि डोकं फिरलं की "आपण" आणि "साहेब". पुढे पुढे त्यांच्या तोंडून "साहेब" निघालं की मला कळायचं, आपलं काहीतरी चुकलं आहे.

मी त्यांना भिंतीवर लावलेले तयार सेट दाखवले. सगळं जोडून देतो, घरी नेऊन वायर लावायची फक्त, असं सांगितलं.

"तयार नाई पाहिजे. काय कायच्या संगं बसते, ते मले समजलं पाहिजे."

तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी ते पॅसेंजरने येऊ लागले. कधी स्टुलावर बसले नाहीत. काउंटरसमोर हात मागे बांधून उभे राहायचे, आणि कोणताही पार्ट समोर ठेवला की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले: "कशात बसते? किती खाते? किती तापते?" प्रोसेसरला हेच, ग्राफिक्स कार्डला हेच, मेमरीच्या बोटभर पट्टीलाही हेच. उत्तर वहीत उतरवायचे, घरी जाऊन मोबाईलवर ताडून पाहायचे आणि पुढच्या खेपेला मला चूक दाखवायचे. "त्या दिवशी तू म्हणाला, दोन्ही मेमऱ्या सारख्याच. सारख्या नाईत. खाच वेगळ्या जागी आहे. जबरदस्तीनं बसवली असती त बोर्ड गेला असता ना बे."

मोबाईलवर पार्टचे व्हिडिओ टाकणाऱ्या मुलांवरही त्यांचा विश्वास नव्हता. "हे पोट्टे बोलतेत लय. मोजत कोणीच नाई."

एकदा एक कॅबिनेट त्यांना आवडलं. साधं, काळं, जाड पत्र्याचं. त्यांनी पसंत केलेलं कार्ड मी शेजारी ठेवलं.

"हे याच्यात बसते?"

"बसते ना काका."

"दाखव."

आता कोण खोके फोडत बसणार? मी म्हणालो, शेकडो सेट बनवलेत, बसतं. त्यांनी मोजपट्टी काढली. कार्ड मोजलं, मग कॅबिनेटमध्ये हात घालून पुढच्या पंख्यापासून मागच्या पट्टीपर्यंतची जागा मोजली. कार्ड दोन बोटं लांब निघालं. मला वाटलं, आता हा माणूस खूश होणार, मला हरवल्याचा आनंद घेणार. पण त्यांचा चेहरा पडला. रागाने ओठ पांढरे झाले.

"साहेब, आपण न पाहताच बसते म्हणाले. एखादा गरीब आदमी हे घरी घेऊन गेला असता, त्यानं काय केलं असतं? पत्रा कापला असता?"

खरं सांगायचं तर असे पत्रे कापलेले मी पाहिले होते. पंखा काढून फेकला की कार्ड बसतं, मग ते तापतं, मग गेम अडकतो, मग गिऱ्हाईक नवं कार्ड घ्यायला पुन्हा माझ्याकडेच येतं. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

पावसाळा संपता संपता आमचं मोठं भांडण झालं. सावंगीला मेडिकलला शिकणारा एक मुलगा आला होता. त्याला लाल-निळे दिवे लावलेलं काचेचं कॅबिनेट हवं होतं. त्यात पॉवर सप्लाय आधीच बसवलेला यायचा, फुकट दिल्यासारखा. मुलाने वरच्या दर्जाचं कार्ड निवडलं होतं. सौदा ठरला होता, मी बिल बनवत होतो. वामनराव बाजूला उभे होते. त्यांनी काही न विचारता दुसऱ्या उघड्या कॅबिनेटमधला तसाच सप्लाय उचलला आणि मुलाच्या हातात ठेवला.

"वजन पाहा डॉक्टर."

"हलका आहे," मुलगा म्हणाला.

"याच्यावर साडेचारशे वॅट लिहिलं आहे. लिहाले काय लागते? मी माह्या कपाळावर तहसीलदार लिहून घेतो. तुमच्या कार्डाले आठ पिनांचं टोक लागते. याले सहाचंच आहे. हे शेठ तुम्हाले मधात एक जोड देतीन अन् म्हणतीन, चालते. एक दिवस हे फुटंल, अन् संगं तुमचं कार्ड घेऊन जाईन. बाहेरून झ्यामल-झ्यामल, अंदर काईच नाई."

मुलगा सप्लाय खाली ठेवून निघून गेला.

मी काउंटरच्या बाहेर आलो. "काका, पाच महिने तुम्ही माझा वेळ खाताय. एक स्क्रूसुद्धा घेतला नाही. वर माझं गिऱ्हाईक पळवता? उद्यापासून या दुकानात पाय ठेवायचा नाही."

"आपली मर्जी, साहेब." पिशवी खांद्याला लावून ते गेले.

दुकान बंद करण्याआधी मी तो सप्लाय उघडला. आत काय असणार ते मला ठाऊक होतं, तरी उघडला. अर्धा डबा रिकामा होता. मी झाकण लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून उरलेला माल पुन्हा तसाच विकायला लागलो. वामनरावांच्या गोष्टीतला हा भाग सांगायला मला सगळ्यात जड जातो. मला कळलं होतं आणि तरीही मी विकत होतो.

दिवाळीच्या चार दिवस आधी ते परत आले. गल्लीत चालायला जागा नव्हती, दुकानात गर्दी मावत नव्हती. त्यांनी वहीचं एक पान फाडून पुढे केलं.

"भांडाले नाई आलो. घ्याले आलो."

यादी मी दोनदा वाचली. इतकी नेटकी यादी मी कोणाला करून दिली नव्हती. मधल्या ताकदीचा प्रोसेसर, त्याला साजेसं कार्ड, पाव इंचही वाया न जाणारं कॅबिनेट, आणि सगळ्यात जास्त विचार पॉवर सप्लायचा. दिव्यांवर एक रुपया नाही. फक्त त्यांनी लिहिलेला मदरबोर्ड माझ्याकडे नव्हता. मी वरच्या फळीवरचा दुसरा काढला.

"याच्यात हा प्रोसेसर चालते?"

"सॉकेट तोच आहे काका, बसते."

"मी सॉकेट नाई विचारलं. चालते का?"

मागून चार जण हात पुढे करून ओरडत होते. "चालते," मी म्हणालो.

तो बोर्ड फळीवर दोन वर्षं पडून होता. बोर्डात मशीन सुरू करणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला बायोस म्हणतात. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नवा असला तर बायोस त्या प्रोसेसरला ओळखत नाही. सगळं नीट बसतं, पंखे फिरतात, पडदा मात्र काळाच. आधी एखादा जुना प्रोसेसर लावून बायोस नवा करून द्यावा लागतो. दहा मिनिटांचं काम. मला माहीत होतं. गर्दी आहे, अडलं तर येतील परत, असा विचार करून मी खोकं पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो तर वामनराव पायरीवर बसलेले. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेला बोर्ड होता.

"साहेब, आपण चालते म्हणाले होते."

मी शटर वर केलं. माझ्या मागोमाग गिऱ्हाइकंही आत आली. त्यांच्यासमोर मी चूक कशी कबूल करणार? मी म्हणालो, "तुम्ही बसवताना प्रोसेसरच्या पिना वाकवल्या असतील. घरी हात लावलेल्या मालाची जबाबदारी आमची नाही."

त्यांनी प्रोसेसर काउंटरवर ठेवला, शेजारी भिंग ठेवलं. "पाहा. एकेक पिन पाहा."

मी पाहिलं नाही. कोणीतरी मागून म्हणालं, "काका, भजन-कीर्तन करा आता. कायले या वयात गेमच्या मागं लागले?" लोक हसले. वामनरावांचा हात भिंगावर तसाच होता, आणि ते काळं नख काचेवर हलकेच वाजत होतं.

तेवढ्यात एक बाई आत आली. तिशीच्या आतली, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र, खांद्याला डब्याची पिशवी. "बाबा," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "दादा, पिना ठीक आहेत. बायोस जुनं आहे याचं. तुमच्याजवळ जुना प्रोसेसर असंल ना, तो लावून अपडेट करून द्या. दहा मिनिटं लागतीन."

ही त्यांची सून, कांचन. सावंगीच्या एका हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीवर कामाला, सिंदीहून रोज ये-जा करणारी. मी जागचा हललो नाही, तेव्हा ती सासऱ्याकडे वळली. "राहू द्या बाबा. कशाले तमाशा? मी कॅफेत खेळत जाईन."

"त्या कॅफेत तू पाय ठेवायचा नाई!"

वामनरावांचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. समोरच्या मोबाईलवाल्याने मान बाहेर काढली. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की सहा महिने दाबून ठेवलेली गोष्ट आपणच गल्लीत फोडली आहे. ते काउंटर धरून उभे राहिले.

मी गिऱ्हाइकांना नंतर या म्हणालो. दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना बाहेर काढलं आणि अर्धं शटर खाली ओढलं. मग त्यांनी सांगितलं.

कांचन खेळायची. आधी मोबाईलवर, मग कॉम्प्युटरवर. विदर्भातल्या पाच बायकांची तिची टीम होती, ऑनलाईन स्पर्धांत उतरायची. घरी मशीन नव्हतं, म्हणून ड्युटी संपली की गाडीच्या वेळेपर्यंत ती वर्ध्यात एका गेमिंग कॅफेत बसायची. एका संध्याकाळी तिच्या खुर्चीमागे उभं राहून काही जणांनी तिचा व्हिडिओ काढला, त्यावर घाणेरडं काहीबाही लिहिलं आणि पसरवला. तिची गाडी सिंदीला पोहोचायच्या आत तो व्हिडिओ सिंदीत पोहोचला होता. वामनराव कॅफेच्या मालकाकडे गेले. तो म्हणाला, पोट्ट्यांची मजाक आहे काका, मनावर नका घेऊ.

"मंग सारे मलेच सांगाले लागले, सुनेले आवरा. माहा पोरगा गुजरातेत कंपनीत आहे. त्याचाही फोन, बाबा, तिले घरी बसवा. मी म्हटलं, चूक कोणाची? तिची आहे का? नाई ना? मंग तिनं काऊन बंद करायचं?" त्यांनी काउंटरवर बोट आपटलं. "घरी बसून खेळंल, पण खेळंल. सुनेसाठी मशीन घेतो म्हटलं त लोक तिलेच बोलतीन, म्हणून मी माह्यं नाव सांगत फिरलो. बुढा बह्याड झाला म्हणतेत त म्हणू दे. मले कोण व्हिडिओत टाकते?"

कांचन मान खाली घालून उभी होती. तिला हे सगळं ठाऊक होतं, पण ते असं मोठ्यानं बोललेलं ती पहिल्यांदाच ऐकत असावी.

मी जुना प्रोसेसर काढला, बोर्डात बसवला, पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर पांढरी पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली. तिच्यावरची नजर न काढता वामनराव बोलू लागले.

"जिनिंगमध्ये सीझन सुरू होता. गाड्यांची लाईन लागलेली. पट्ट्यावरच्या जाळीचा एक बोल्ट तुटला. त्या मापाचा नोता. मालक म्हणे, पाहा काई जमते का. मी लहान मापाचा लावला. नथ्थू म्हणून हमाल होता, त्यानं विचारलं, भाऊ, चालते का? मी म्हटलं, चालते." ते थांबले. "तिसऱ्या दिवशी जाळी निसटली. त्याची तीन बोटं गेली. पुढं वीस वर्षं तो माह्यासमोर बिडी प्याला, हसला, पोराच्या लग्नाले आला. एका शब्दानं बोलला नाई मले. बोलला असता त बरं झालं असतं."

पट्टी भरली. मी नवा प्रोसेसर बसवला, दुकानातलंच एक कार्ड लावलं, बटण दाबलं. पडदा उजळला.

वामनरावांनी बोर्ड टॉवेलात गुंडाळला. शटरखालून वाकून बाहेर पडताना ते वळले. "आपण दहा मिनिटं वाचवली होती, साहेब."

कांचनला ड्युटीला उशीर झाला होता. ती धावतच रिक्षाकडे गेली.

त्या आठवड्यात मी ते हलके सप्लाय होलसेलवाल्याला परत पाठवले. त्याने घेतले नाहीत, तेव्हा भंगारात घातले. सावंगीचा तो मुलगा मात्र मला पुन्हा कधी दिसला नाही. कार्ड त्याने कुठे घेतलं, त्याला कोणी काय जोडून दिलं, देव जाणे. आणि त्याच्याआधी मी ज्यांना ते डबे विकले होते, त्यांतल्या एकाचंही नाव मला आठवत नाही. वामनराव त्यानंतर दुकानात आले नाहीत. यायचं कारणच उरलं नव्हतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सव्वा वर्षानंतर, एका रविवारी. सिंदीला कापसाच्या एका व्यापाऱ्याकडे कॅमेरे बसवायला गेलो होतो. काम आटोपलं आणि पाय आपोआप त्यांच्या घराकडे वळले. ओट्यावर शेजारचे दोघे गप्पा मारत बसले होते. वामनराव दारात उभे होते, खूप खंगलेले, सदरा अंगावर लोंबत होता. मला पाहून ओळख दाखवली नाही, नुसतं बोट ओठांवर ठेवलं. "आत मॅच सुरू आहे."

मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. लोखंडी टेबल त्यांनीच बनवलं असणार, पायांना रबराची टोपणं होती. कॅबिनेट जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, धूळ जाऊ नये म्हणून. वायरी सुतळीने एकसारख्या बांधलेल्या. समोर कांचन, कानावर हेडफोन, पाठ ताठ. ती आपल्या मैत्रिणींना भराभर काहीतरी सांगत होती, "उजवीकडून, उजवीकडून ये, मी आहे." तो खेळ मला कळत नाही. पण पडद्यावर सगळं सुरळीत पळत होतं, हे मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि तरीही माझा जीव मुठीत होता.

मग ती एकदम थांबली. हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवला.

वामनराव आत गेले. "मशीन अटकलं का?"

"नाही बाबा."

"आवाज गेला? पडदा हालला?"

"काहीच नाही. मीच घाई केली. एकटी पुढं गेले. फायनल गेली आमची."

"पक्कं? मशीन नोतं ना अटकलं?"

"पक्कं बाबा. माझीच चूक."

त्यांनी मान हलवली. त्या माणसाच्या चेहऱ्यावरची ओढलेली शीर मी पहिल्यांदाच सैल झालेली पाहिली. "मंग ठीक आहे. पुढची कधी?"

"बुधवारी. दुसऱ्या स्पर्धेची."

ते बाहेर ओट्यावर आले. शेजारचे दोघे गप्पा थांबवून बघत होते. वामनरावांनी भिंतीला हात टेकला आणि रस्त्यापलीकडेही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "माही सून हरली आज. पुढची मॅच बुधवारी आहे. ज्याले पाहायची असंल त्यानं येजा."

वामनराव तिथून हलले नाहीत. कोणाच्या तोंडावर हसू येतं का, ते पाहत बराच वेळ तसेच उभे राहिले.